इलेक्ट्रिक घ्यावी की प्लग-इन हायब्रिड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांपासून मी पुण्यात इलेक्ट्रिक गाडी चालवते. महिन्यातून एकदा तरी ती कोकणात सासरी जाते. गाडी घेताना माझ्या मनात जे प्रश्न होते, तेच आता ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे आणि परदेशातले नातेवाईक मला पाठवत असतात. दरवेळी पहिल्यापासून उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र केलं आहे. घाईत असाल तर निदान ५, ६ आणि ८ हे प्रश्न वाचा. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

१. ईव्ही, हायब्रिड, प्लग-इन हायब्रिड यांत नक्की फरक काय?

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसतं. मोठी बॅटरी आणि मोटर असते, आणि वीज बाहेरूनच भरावी लागते.

प्लग-इन हायब्रिडमध्ये दोन्ही असतं: पेट्रोलचं इंजिन आणि टाकी, शिवाय मध्यम आकाराची बॅटरी. ती बॅटरी प्लग लावून चार्ज करता येते. चार्ज आहे तोवर गाडी विजेवर धावते, संपला की पेट्रोलवर.

साध्या हायब्रिडची बॅटरी अगदी लहान असते. ती ब्रेक दाबताना आणि इंजिनवरच भरते, तिला बाहेरून वीज देता येत नाही. म्हणजे तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते.

२. शोरूममध्ये सांगितलं, "ही हायब्रिड आहे, चार्ज करायची गरजच नाही." मग हीच प्लग-इन ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी यांची जी हायब्रिड मॉडेल आपल्याकडे रस्त्यावर दिसतात ती 'स्ट्राँग हायब्रिड', म्हणजे वर सांगितलेल्या साध्या हायब्रिड आहेत. गाड्या चांगल्या आहेत, शहरात मायलेजही उत्तम देतात, पण त्या प्लग-इन नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: पेट्रोलच्या झाकणाशिवाय चार्जिंगचं वेगळं झाकण गाडीला आहे का, ते बघा. नसेल तर ती प्लग-इन नाही.

'माइल्ड हायब्रिड' तर आणखी वेगळी. तिची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते.

३. मग भारतात प्लग-इन हायब्रिड मिळते तरी का?

मिळते, पण बहुतेक सगळ्या महागड्या गाड्यांत: बीएमडब्ल्यू एक्सएम, रेंज रोव्हरची प्लग-इन मॉडेलं, पूर्वीची व्होल्व्हो एक्ससी९० टी८. कारण करात आहे. इलेक्ट्रिक गाडीवर १ ऑगस्ट २०१९पासून जीएसटी ५ टक्के आहे. हायब्रिडवर, मग ती प्लग-इन असली तरी, इंजिन किंवा लांबी ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के आहे. प्लग-इन हायब्रिडमध्ये कंपनीला इंजिन, गिअरबॉक्स, मोटर आणि बॅटरी असं सगळंच बसवावं लागतं, आणि वर हा कर. त्यामुळे पंधरा-वीस लाखांत ती बसत नाही.

म्हणून पंधरा-वीस लाखांचं बजेट असेल तर तुमच्यापुढची खरी निवड 'ईव्ही की स्ट्राँग हायब्रिड' अशी असते. खालची बरीच उत्तरं मी तीही निवड डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

४. एका चार्जमध्ये किती जाते? कंपनीचा आकडा खरा मानायचा का?

कंपनी जो मोठा आकडा छापते तो ठरावीक चाचणीतला असतो. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिट बॅटरीचंच बघा. चाचणीचा आकडा ४८९ किलोमीटर आहे, आणि बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल म्हणून कंपनीनेच दिलेला आकडा साडेतीनशेच्या थोडा वर. माझा अनुभवही असाच आहे. छापील आकड्याचे सत्तर टक्के धरा. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने त्याहून कमी.

प्लग-इन हायब्रिडची बॅटरी साधारण १० ते २५ युनिटची असते, रेंज रोव्हरसारख्या काहींत याहून मोठी. विजेवर ती ४० ते १०० किलोमीटर जाते. पुण्यात कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला हे पुरतं, पण रोज रात्री चार्ज केली तरच.

५. घरचा साधा प्लग चालतो का, की मोठा चार्जर बसवावाच लागतो?

गिझर-एसीला असतो तसा १५ किंवा १६ अँपिअरचा प्लग चालतो. तो तासाला साधारण तीन युनिट भरतो. रात्री दहा ते सकाळी आठ म्हणजे तीस युनिट झाले, दीड-दोनशे किलोमीटरची सोय. रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवणाऱ्याला एवढं भरपूर होतं. भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर हवा तो रोजचं चालणं मोठं असलेल्यांना. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी तर साध्या प्लगवर चार ते आठ तासांत भरते.

घोडं पेंड खातं ते अर्थिंगपाशी. पहिल्या वर्षी संगमेश्वर तालुक्यात सासरी गेलो, पडवीतल्या प्लगला केबल लावली, तर चार्जरवर लाल दिवा. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. त्याच प्लगवर पंखा चालत होता, मिक्सर चालत होता. नानांना वाटलं गाडीच बिघडली. गावच्या वायरमनने टेस्टर-दिवा लावून पाहिलं, तर अर्थिंगची तार मागच्या परसात गंजून तुटलेली. घरात वर्षानुवर्षं अर्थिंगच नव्हतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने माडाजवळ नवा खड्डा घेतला, पट्टी पुरली, कोळसा-मीठ भरलं, चार बादल्या पाणी ओतलं. मग हिरवा दिवा लागला. गाडीने हट्ट धरला म्हणून त्या घरातल्या गिझर-मोटरचा धोका टळला, याचं मला आजही समाधान वाटतं.

तेव्हा गाडी बुक करण्याआधी वायरमनकडून तीन गोष्टी तपासून घ्या: अर्थिंग, प्लगपर्यंतच्या वायरची जाडी, आणि त्या लाइनला वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) व आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा). एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी कधीही चार्ज करू नका. प्लग हाताला गरम लागला तर चार्जिंग थांबवा.

६. फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटी परवानगी देत नाही. काय करू?

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. प्रश्न असतो तो मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल सोसायटीच्या भिंतीवरून न्यायचा, आणि तिथे सोसायटीचा होकार लागतोच.

समितीसमोर हक्काची भाषा करून मी कोणाचं काम झालेलं पाहिलं नाही. झालं ते कागद पुढे ठेवल्यावर. केबल कुठून जाणार याचा हाताने काढलेला नकाशा, ती कंड्युटमधून (संरक्षक नळीतून) जाईल आणि एमसीबी-आरसीसीबी बसेल असं परवानाधारक कंत्राटदाराचं पत्र, आणि बिल माझ्याच मीटरवर येईल हे लेखी. सभासदांना खरी भीती दोनच गोष्टींची असते: आग आणि सामायिक बिल. दोन्हींचं उत्तर कागदावर दिलं की विरोध मावळतो. आमच्याकडे पहिल्या सभेत नकार आला, दुसऱ्या सभेत होकार. आज त्याच नळीशेजारून आणखी चौघांच्या केबल गेल्या आहेत.

महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहनासाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. घरचा वापर आधीच तीनशे युनिटच्या आसपास असेल तर तिचा विचार जरूर करा, कारण गाडीचे युनिट त्यात मिळवले की घरगुती दराचा वरचा टप्पा लागतो.

पार्किंगच नसेल तर प्रश्न १८ पाहा.

७. महिन्याचा खर्च किती? सरळ आकडे सांगा.

महिन्याला १,००० किलोमीटर, वीज १२ रुपये युनिट आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर असं धरून हिशेब करते. तुमचे दर घालून बदलून घ्या.

पूर्ण इलेक्ट्रिकला, चार्जिंगमधली घट धरून, शंभर किलोमीटरला १६ युनिट. म्हणजे १६० युनिट, १,९२० रुपये. तीच गाडी सगळी बाहेरच्या फास्ट चार्जरवर, २२ रुपये युनिटने भरली तर ३,५२० रुपये.

स्ट्राँग हायब्रिड, लिटरला २० किलोमीटर: ५० लिटर, ५,२५० रुपये.

प्लग-इन हायब्रिड अंगाने जड. त्यातले ६०० किलोमीटर विजेवर शंभरला २० युनिटने, म्हणजे १,४४० रुपये. उरलेले ४०० पेट्रोलवर लिटरला १४ने, म्हणजे ३,००० रुपये. एकूण ४,४४०.

आणि चार्जच न केलेली प्लग-इन हायब्रिड, लिटरला १३ने: ७७ लिटर, आठ हजारांच्या वर.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. पुढचं उत्तर त्याच्याबद्दलच आहे.

८. प्लग-इन हायब्रिड घेतली आणि चार्ज केलीच नाही, तर बिघडलं कुठे? पेट्रोल आहेच की.

बिघडतं ते हेच. मग तुम्ही शंभर-दोनशे किलोची रिकामी बॅटरी पेट्रोल जाळून वाहत राहता, आणि साध्या गाडीपेक्षाही जास्त खर्च करता.

युरोपात हे मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. गाड्यांमधल्या मीटरवरून गोळा केलेल्या माहितीच्या आधारे युरोपियन कमिशनने मार्च २०२४मध्ये सांगितलं, की प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट आहे. चाचणी गृहीत धरते त्यापेक्षा लोक फार कमी चार्ज करतात. त्यातही स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाड्या बऱ्या निघतात. कंपनीने दिलेल्या गाड्यांची स्थिती वाईट, कारण पेट्रोलचं कार्ड ऑफिसचं आणि विजेचं बिल घरचं. जर्मनीत असणाऱ्या माझ्या मावसभावाकडे कंपनीची अशी गाडी चार वर्षं होती. परत करताना त्याने डिकीच्या तळातली चार्जिंग केबल काढून दिली, तर तिच्या पिशवीची चेन एकदाही उघडलेली नव्हती. तो निष्काळजी माणूस नाही. तो चौथ्या मजल्यावर राहतो आणि गाडी रस्त्यावर उभी करतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: गाडी रात्री जिथे मुक्कामाला असते तिथे प्लग नसेल, तर प्लग-इन हायब्रिडवर एक रुपयाही जास्त घालू नका. आणि प्लग असेल, तर पूर्ण इलेक्ट्रिक का नको, हे स्वतःला आधी विचारा.

९. खंडाळ्याच्या घाटात इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बसकण मारते का?

खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसं-सामानासह १,७०० किलोची गाडी एवढी वर न्यायला अडीच युनिट लागतात, घट धरून तीन. हे सपाट रस्त्याच्या खर्चाच्या वर. ४५ युनिटच्या बॅटरीत ही काही मोठी गोष्ट नाही. उतरताना यातला बराच भाग मोटर ब्रेकचं काम करत परत भरते. मुंबईला जाताना घाटाच्या पायथ्याशी टक्का थोडा वाढलेला दिसतो.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. लोणावळ्यात मुक्काम करून शंभर टक्के चार्ज केली आणि लगेच उतरायला लागलात, तर परत आलेली वीज साठवायला बॅटरीत जागाच नसते. मोटरचा ब्रेक कमी लागतो, पायाचा जास्त लागतो. अशा वेळी नव्वदवर थांबवा.

प्लग-इन हायब्रिडमध्ये उलटी काळजी घ्यायची. मुंबईहून निघून खोपोलीपर्यंत बॅटरी संपवली तर घाटात एकटं इंजिन ती जड गाडी ओढत ओरडतं. बॅटरी राखून ठेवण्याचा मोड असतो, तो पनवेललाच लावा.

१०. गणपतीत कोकणात जायचं तर?

खरं सांगते, त्या दोन दिवसांत चार्जरवर रांगा लागतात. मुंबई-गोवा महामार्गावर चार्जरच्या एका बंदुकीमागे (गाडीला लावायच्या प्लगमागे) तीन-चार गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. स्ट्राँग हायब्रिड किंवा प्लग-इन हायब्रिडवाला तेव्हा पंपावर पाच मिनिटांत मोकळा होतो. बहुतेक प्लग-इन हायब्रिडना डीसी फास्ट चार्जिंगच नसतं, त्यामुळे रांगेशी त्यांचा संबंधच येत नाही.

माझा उपाय असा: चतुर्थीच्या तीन दिवस आधी किंवा पहाटे तीनला निघायचं, पहिला चार्जर बंद असेल असं धरून दुसरा हेरून ठेवायचा, आणि गावच्या घरी प्लग नीट करून घ्यायचा (प्रश्न ५). घरी पोचल्यावर गाडी दोन दिवस तशीही उभीच असते. वर्षातले हे चार दिवस जपायला उरलेले तीनशे साठ दिवस महाग पेट्रोल भरायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांना दर आठवड्याला तीनशे-चारशे किलोमीटर आडवाटेला जावं लागतं त्यांना मी स्ट्राँग हायब्रिडच सुचवते.

११. तुंबलेल्या पाण्यात कोणती बरी?

पाण्यात कोणतीच घालू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला सहसा आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून केलेली चाचणी. तो अपघातासाठीचा आधार आहे, पाण्यातून गाडी काढायचा परवाना नव्हे. प्लग-इन हायब्रिडला बॅटरी जपावी लागतेच, शिवाय हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरायची भीती. गाडी पुरात उभी राहिलेली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा.

१२. बॅटरी किती वर्षं टिकते?

वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून जास्त देतात. प्लग-इन हायब्रिडबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: तिची बॅटरी लहान, म्हणून ती रोज पूर्ण रिकामी होते आणि रोज भरते. मोठ्या बॅटरीच्या गाडीला तेवढ्याच अंतरात आठवड्यातून एकदाच पूर्ण फेरा होतो. वॉरंटीच्या कागदात 'किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल' ही ओळ शोधून वाचा.

१३. मेंटेनन्स आणि विमा?

इलेक्ट्रिकला ऑइल, फिल्टर, क्लच नाही. टायर मात्र लवकर झिजतात. प्लग-इन हायब्रिडचं इंजिन वर्षभरात थोडंच चाललं तरी ऑइल मुदतीत बदलावंच लागतं. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के, हायब्रिडला साडेसात टक्के सूट ठरवून दिलेली आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बॅटरीमुळे जास्त बसू शकतो. कोटेशन गाडी बुक करण्याआधी घ्या.

१४. टोलमाफी प्लग-इन हायब्रिडलाही आहे का?

हिरवी पाटी फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला मिळते: खासगी गाडीला पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळी. प्लग-इन हायब्रिडची पाटी पेट्रोल गाडीसारखीच पांढरी. महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. तिची सुरुवात ऑगस्ट २०२५मध्ये अटल सेतूपासून झाली. फास्टॅगमधून पैसे कापले गेले तर मेसेज जपून ठेवा आणि तक्रार करा. माझे दोनदा कापले गेले होते.

"उत्तर प्रदेशात हायब्रिडला कर माफ आहे, तिथून आणू का?" असंही विचारतात. तिथे जुलै २०२४मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, हे खरं. पण महाराष्ट्रात कायमची वापरायची गाडी इथे पासिंग करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो.

१५. आपली वीज कोळशाचीच आहे. मग प्रदूषण फक्त पुण्यातून चंद्रपूरला ढकललं, नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशात एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर किलोमीटरला १६ युनिट म्हणजे साडेअकरा किलो. लिटरला १५ देणारी पेट्रोल गाडी नळकांड्यातूनच पंधरा किलो सोडते. तेल काढणं, शुद्धीकरण, वाहतूक वेगळी. लिटरला २० देणारी स्ट्राँग हायब्रिड नळकांड्यातून साडेअकरा. म्हणजे आजच्या विजेवर ईव्ही आणि स्ट्राँग हायब्रिड यांतलं अंतर जाहिरातीत दाखवतात तेवढं मोठं नाही, आणि ईव्हीची बॅटरी बनवतानाचा कार्बनही मोजायला हवा.

पण पेट्रोल गाडी जन्मभर तेवढंच सोडणार, ईव्ही मात्र वीज सुधारेल तशी सुधारत जाते. छपरावर ३ किलोवॅटचं सोलर असेल तर दिवसाला बारा युनिट, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. आणि शाळेसमोर मुलांच्या नाकाशी धूर नाही, हे मी कमी मोलाचं मानत नाही. चंद्रपूरकरांच्या वाट्याला येणारी राख ही मात्र आपण सगळ्यांनी उघड बोलायची गोष्ट आहे.

१६. आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे प्लग-इन हायब्रिड सगळे सुचवतात. तुम्ही विरोधात का?

विरोधात नाही. तुमच्याकडचा साधा प्लग १२० व्होल्टचा असतो. रात्रभरात तो बारा-चौदा युनिटच भरतो. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी नेमकी तेवढीच, म्हणून गॅरेजमधल्या आहे त्या प्लगवर ती रोज भरते. आपल्याकडचा २३० व्होल्टचा गिझरचा प्लग त्याच्या दुप्पट-अडीचपट देतो, म्हणून इथे तो फायदा उरत नाही. थंडीत ईव्हीची रेंज चांगलीच घटते हेही लक्षात घ्या. प्लग-इन हायब्रिडमध्येही कडक थंडीत हीटरसाठी काही गाड्यांचं इंजिन आपोआप चालू होतं. ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली, तेव्हा जुने हिशेब वापरू नका.

१७. रोज विजेवरच चालवली तर टाकीतलं पेट्रोल खराब होतं का?

होऊ शकतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं, त्यामुळे महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नका. पाव टाकी पुरे. काही गाड्या जुनं पेट्रोल संपवायला इंजिन स्वतःहून चालवतात, त्याला बिघाड समजू नका. बऱ्याच प्लग-इन हायब्रिडच्या टाकीत दाब असतो. आधी आतलं बटण दाबायचं, थोडं थांबायचं, मग झाकण उघडतं. पंपावरच्या मुलाला झाकण ओढू देऊ नका.

१८. पार्किंग रस्त्यावर, घरात एकच गाडी, अधूनमधून गावी जाणं. आमच्यासाठी काय?

आज तरी स्ट्राँग हायब्रिड, किंवा चांगली सीएनजी. ऑफिसमध्ये चार्जर असेल आणि तो आठवड्यातून दोनदा नक्की मोकळा मिळत असेल तर लहान ईव्ही चालेल. पण तो ऑफिसचा आहे, नोकरी बदलली तर गेला. पहिल्या मजल्यावरून फुटपाथवर केबल सोडण्याचा विचारही करू नका. पाऊस, कुत्री, येणारी-जाणारी माणसं, सगळ्यांनाच धोका.

आणि अशा ठिकाणी सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. विकणाऱ्याला चार्जिंगची केबल दाखवायला सांगा आणि त्याच्यासमोर ती लावून बॅटरी शंभरपर्यंत भरते का पाहा. केबल सापडत नाही म्हणाला, तर त्या गाडीचं इंजिन रोजच चाललेलं आहे असं समजून किंमत करा.